विश्लेषण : जुन्या गाडीचे लोखंड सरकार मोजते; प्लॅस्टिकचे काय होते?

गाडी भंगारात काढली की पत्रा भट्टीकडे जातो, टायर आणि बॅटरी आपापल्या वाटेने जातात. बंपर, डॅशबोर्ड आणि सीटचा फोम मात्र कोणाच्याच हिशेबात नसतो. नियम अजून नवे आहेत; ही उणीव आत्ताच भरून काढायला हवी.

गेल्या वर्षी बाबांची २००५ सालची हॅचबॅक मोडीत काढली. रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे न देता नोंदणीकृत केंद्रावर नेऊ, असा माझा आग्रह होता. शहराबाहेरच्या त्या केंद्रावर सगळे काम पद्धतशीर चालले होते. आधी बॅटरी काढली, मग पेट्रोल आणि ऑइल उपसले, एसीतला वायू काढून घेतला, टायर उतरवले. प्रत्येक वस्तूसाठी वेगळा कोपरा, वेगळी नोंद. बाबांच्या हातात प्रमाणपत्र पडले आणि ते खूश झाले.

मी इंजिनीअरिंग केलेले असल्यामुळे माझे लक्ष मागच्या कुंपणाकडे गेले. तिथे बंपर, डॅशबोर्ड, दरवाजांची आतली पॅनेल आणि सीटचा पिवळा पडलेला फोम यांचा ढीग होता. ‘‘दादा, हे कुठे जातं?’’ मी विचारले. ‘‘जो उचलेल त्याला देतो. त्याला भाव नाही,’’ असे उत्तर आले. टायर, बॅटरी, तेल सगळ्याची नोंद ठेवणाऱ्या त्या वहीत या ढिगासाठी रकाना नव्हता.

हा लेख त्या रिकाम्या रकान्याबद्दल आहे.

गाडीत प्लॅस्टिक असते तरी किती?

आजच्या प्रवासी गाडीच्या वजनात प्लॅस्टिकचा वाटा ढोबळमानाने दहा ते वीस टक्के असतो. मोठ्या गाडीत तो दीडशे-दोनशे किलोपर्यंत जातो. प्लॅस्टिक हलके असते, त्यामुळे मायलेज वाढते. ते गंजत नाही आणि हव्या त्या आकारात ओतता येते. म्हणून जुन्या गाड्यांपेक्षा नव्या गाड्यांत त्याचे प्रमाण जास्त आहे. इलेक्ट्रिक गाडीतही ते कमी होणार नाही, कारण तिथे वजन वाचवण्याची गरज आणखी मोठी आहे.

एक साधा हिशेब करू. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे ४३ लाख प्रवासी वाहने विकली गेली. प्रत्येकीत फक्त १०० किलो प्लॅस्टिक धरले, तरी ते चार लाख टनांच्या पुढे जाते. हे सगळे १५-२० वर्षांनी परत येणार आहे. आज रस्त्यावर उतरणारी प्रत्येक चकचकीत एसयूव्ही २०४० च्या आसपासचा कचरा सोबत घेऊन येते आहे.

मग ते वितळवून पुन्हा का वापरत नाहीत?

कारण ‘प्लॅस्टिक’ हा एक पदार्थ नाही. बंपर आणि डॅशबोर्डमध्ये बहुधा पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे पीपी असते. पुढच्या जाळीत एबीएस, हेडलाइटच्या काचेसारख्या भागात पॉलिकार्बोनेट, मागच्या लाल दिव्यात ॲक्रिलिक. इंजिनजवळच्या भागांत काचतंतू मिसळलेले नायलॉन, प्लॅस्टिकच्या इंधन टाकीत पॉलिइथिलीन, सीटमध्ये पॉलियुरेथेन फोम, वायरींवर पीव्हीसी. ही सगळी वेगवेगळ्या तापमानाला वितळतात आणि एकमेकांत नीट मिसळत नाहीत. एकत्र वितळवली तर जो गोळा तयार होतो तो ठिसूळ असतो. त्याचा फार तर कुंडीसाठी उपयोग.

काही तर वितळतच नाहीत. सीटचा फोम तापवला की पातळ होत नाही, जळतो. पूर्व जर्मनीतल्या ट्रॅबंट गाडीचे उदाहरण यासाठी नेहमी दिले जाते. तिच्या बॉडीचे पॅनेल कापसाचे तंतू आणि रेझिन दाबून बनवलेले होते. गंज लागत नसे, पण बर्लिनची भिंत पडल्यावर लोकांनी गाड्या टाकून दिल्या, तेव्हा त्या पॅनेलचे करायचे काय, हा प्रश्न उरला. ते वितळवता येत नव्हते.

तुमच्या बंपरच्या आतल्या बाजूला कधी हात घालून पाहा. बाणासारख्या कंसांत काही उठावदार अक्षरे दिसतील. पीपी, पुढे ईपीडीएम, पुढे टीडी२०. याचा अर्थ पॉलिप्रॉपिलीन, धक्का सोसावा म्हणून घातलेले रबर आणि ताठपणासाठी २० टक्के टाल्क, म्हणजे टाल्कम पावडरमधलेच खनिज. ही खूण ज्याला वाचता येते, त्याला समोरचा तुकडा काय आहे हे कळते. पण ती वाचायची तर भाग सुटा हवा, गाडी चिरडण्याच्या आधी.

चिरडल्यानंतर वेगळे करता येत नाही का?

येते, पण अर्धवट. मोठ्या श्रेडरमध्ये गाडीचे मुठीएवढे तुकडे होतात. लोखंड चुंबक उचलतो, ॲल्युमिनियम आणि तांबे इतर यंत्रे वेगळे करतात. उरतो तो फोम, रबर, कापड, काच, माती आणि प्लॅस्टिकचा भुगा. गाडीच्या वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा या भुग्यात जातो.

त्यातून प्लॅस्टिक निवडायची सोपी रीत म्हणजे पाणी. साध्या पीपीची घनता ०.९, ते तरंगते. एबीएसची १.०५, ते बुडते. पाठ्यपुस्तकात हे छान वाटते. पण बंपरमधल्या पीपीत २० टक्के टाल्क मिसळले की त्याची घनताही १.०५ च्या आसपास जाते आणि ते एबीएसच्या शेजारी जाऊन बसते. पाण्याला फरक कळत नाही.

दुसरी रीत प्रकाशाची. कारखान्यांत अवरक्त किरण टाकून प्लॅस्टिकची जात ओळखतात. बाटल्यांसाठी ही यंत्रे उत्तम चालतात. गाडीचे प्लॅस्टिक मात्र बहुतेक काळे असते, आणि काळ्या रंगासाठी वापरलेला कार्बन हे किरण शोषून घेतो. यंत्राला समोर काहीच दिसत नाही.

म्हणजे उपाय तांत्रिक आहे, पण तो श्रेडरच्या आधीचा आहे. बंपर, डॅशबोर्ड, इंधन टाकी, दरवाजांची पॅनेल असे मोठे भाग आधी सुटे करायचे. त्यांच्या खुणा वाचून ढीग लावायचे, क्लिप आणि धातू काढायचे, दळायचे, धुवायचे, रंगाचे पापुद्रे गाळून टाकायचे, वितळवून दाणा काढायचा. प्रत्येक वेळी तापवल्यावर प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तुटतात, म्हणून त्यात थोडे नवे प्लॅस्टिक आणि रसायने मिसळावी लागतात. असा दाणा चाकावरच्या आतल्या आवरणाला, इंजिनखालच्या शील्डला, बॅटरीच्या ट्रेला चांगला चालतो. म्हणजे दिसत नाहीत अशा भागांना.

हे सगळे जमते. प्रश्न हा की सुटे करायला माणसाचा वेळ लागतो, आणि त्या वेळेचे पैसे कोण देणार?

आपला नियम काय सांगतो?

ऑगस्ट २०२१ मध्ये वाहन स्क्रॅपिंग धोरण जाहीर झाले. जुनी गाडी नोंदणीकृत केंद्रात दिल्याचे प्रमाणपत्र दाखवले, तर नव्या गाडीच्या करात राज्ये सवलत देऊ शकतात. खासगी वाहनासाठी २५ टक्क्यांपर्यंत, व्यावसायिक वाहनासाठी १५ टक्क्यांपर्यंत. त्यानंतर आयुर्मान संपलेल्या वाहनांसाठी पर्यावरण मंत्रालयाचे स्वतंत्र नियम आले. ते १ एप्रिल २०२५ पासून लागू आहेत.

या नियमांचा गाभा म्हणजे उत्पादकाची विस्तारित जबाबदारी. ज्याने गाडी विकली, त्यानेच ती शेवटी नीट मोडली जाईल याची काळजी घ्यायची. तत्त्व उत्तम आहे. पण ही जबाबदारी मोजायची कशी? नियमांचे उत्तर : पोलादाच्या वजनात. खासगी वाहनांसाठी २० वर्षांपूर्वी आणि व्यावसायिक वाहनांसाठी १५ वर्षांपूर्वी बाजारात आणलेल्या गाड्यांत जेवढे पोलाद होते, त्याच्या किमान ८ टक्के २०२५-२६ ते २०२९-३० या काळात दरवर्षी. पुढची पाच वर्षे १३ टक्के, त्यानंतर १८ टक्के. केंद्राला मिळणारे प्रमाणपत्रही पोलादावर ठरते आणि कंपनी तेच विकत घेते.

बाकीच्या वस्तू त्या-त्या नियमांनुसार पुढे पाठवाव्यात, असे नियम सांगतात. इथेच फट आहे. टायरसाठी उत्पादकाच्या जबाबदारीचे नियम २०२२ मध्ये आले. बॅटरीसाठी त्याच वर्षी. वापरलेल्या तेलासाठी २०२३ मध्ये. प्लॅस्टिकसाठीही आहेत, पण ते वेष्टनापुरते : बाटल्या, पिशव्या, पाकिटे. बंपर हे वेष्टन नाही. त्यामुळे टायरला वाली आहे, बॅटरीला आहे, काळ्या ऑइललाही आहे. बंपरला नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे : ज्या वस्तूवर प्रमाणपत्र मिळत नाही, ती वस्तू सुटी करायला कोणी माणूस लावणार नाही. यात केंद्रचालकाचा दोष नाही. त्याला ज्याचे पैसे मिळतात ते तो मोजतो.

जपानने हा धडा कसा शिकला?

जपानच्या सेतो अंतर्देशीय समुद्रात तेशिमा नावाचे छोटे बेट आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० पर्यंत तिथे एका व्यावसायिकाने बेकायदा कचरा आणून टाकला, उघड्यावर जाळला. त्यात मोठा भाग होता मोडलेल्या गाड्यांच्या श्रेडरमधला भुगा. धातू काढून घेतल्यावर उरलेला, भाव नसलेला. १९९० मध्ये पोलिसांनी छापा घातला. बेटावरचे लोक वर्षानुवर्षे लढले. २००० मध्ये तडजोड झाली आणि मग शेजारच्या नाओशिमा बेटावर तो कचरा नेऊन त्यावर प्रक्रिया सुरू झाली. २००३ ते २०१७, चौदा वर्षे. कचरा आणि दूषित माती मिळून नऊ लाख टनांहून अधिक.

या प्रकरणाची पार्श्वभूमी असलेला वाहन पुनर्वापर कायदा जपानमध्ये २००२ मध्ये मंजूर झाला आणि जानेवारी २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. त्यातली कल्पना साधी आहे. धातूला भाव असतो, त्याची काळजी बाजार घेतो. ज्याला भाव नाही अशा तीन गोष्टींसाठी, म्हणजे एअरबॅग, एसीतला वायू आणि श्रेडरचा भुगा यांसाठी, नवी गाडी घेतानाच ग्राहकाकडून शुल्क घेतले जाते आणि ते गाडी मोडेपर्यंत जपून ठेवले जाते. त्या तीन गोष्टी उत्पादकाने ताब्यात घ्यायच्या, विल्हेवाट लावायची.

आपण नेमके उलट केले आहे. ज्या पोलादाला आधीच भाव होता, त्याच्यावर प्रमाणपत्राचा आणखी भाव चढवला. ज्याला भाव नाही ते नशिबावर सोडले.

जपानचे सगळे आदर्श आहे असे नाही. तिथेही या भुग्याचा मोठा भाग ऊर्जेसाठी जाळला जातो. पण तो कुठे गेला आणि त्याचे पैसे कोणी दिले, याची नोंद असते.

आणि युरोप?

युरोपने २००० मध्येच नियम केला आणि २०१५ पासून गाडीच्या वजनाच्या ८५ टक्के भागाचा पुनर्वापर बंधनकारक केला. आकडा मोठा दिसतो. पण गाडीचे बहुतेक वजन धातूचेच असल्यामुळे तो प्रामुख्याने धातूवरच गाठता आला. युरोपीय आयोगाच्याच अंदाजानुसार जुन्या गाड्यांतल्या प्लॅस्टिकचा जेमतेम पाचवा हिस्सा पुन्हा वापरात येत होता. एकूण वजन मोजले की प्लॅस्टिक लपते, हे त्यांना वीस वर्षांनी कळले.

म्हणून जुलै २०२३ च्या प्रस्तावात आयोगाने प्लॅस्टिकसाठी वेगळा आकडा मांडला. नव्या गाडीतले २५ टक्के प्लॅस्टिक पुनर्वापरातले असावे, आणि त्यातला चौथा हिस्सा जुन्या गाड्यांतूनच यावा. पुढच्या वाटाघाटींत आकडे आणि मुदती खाली-वर झाल्या, पण तत्त्व टिकले. दुसरी अट महत्त्वाची आहे. ती नसती, तर कंपन्यांनी स्वच्छ बाटल्यांचे प्लॅस्टिक विकत घेऊन आकडा गाठला असता आणि बंपर जिथे होते तिथेच राहिले असते.

प्रयोगशाळेतले ग्राफीन हे उत्तर आहे का?

‘जुन्या गाडीच्या प्लॅस्टिकपासून ग्राफीन’ अशा बातम्या तुमच्या फोनवर येतात. मीही अशा बातम्या लिहिल्या आहेत. त्यामागे खरे संशोधन आहे. अमेरिकेतले राइस विद्यापीठ आणि फोर्ड यांनी २०२२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. जुन्या एफ-१५० पिकअप ट्रकमधले बंपर, गालिचे, सीट, दरवाजांचे भाग असा सुमारे साडेचार किलो मिश्र प्लॅस्टिकचा भुगा घेतला, न निवडता, न धुता. त्यातून विजेचा जोरदार झटका देऊन ग्राफीन मिळवले. ते नव्या सीटच्या फोममध्ये अगदी थोडे घातल्यावर फोम मजबूत झाला आणि आवाजही जास्त शोषू लागला.

याचे महत्त्व मला मान्य आहे, विशेषतः निवडण्याची कटकट टळते म्हणून. पण साडेचार किलो आणि चार लाख टन यांत अंतर आहे. शिवाय फोममध्ये ग्राफीन लागते चिमूटभर. सगळ्या प्लॅस्टिकचे ग्राफीन केले तर ते घालायचे कुठे? अशी तंत्रे लागतील, पण शेवटच्या, कशातच न बसणाऱ्या भुग्यासाठी. बंपरसाठी पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर पुरतो.

सिमेंटच्या भट्टीचेही तसेच. प्लॅस्टिक जाळून कोळसा वाचतो, हे खरे. कचऱ्यात पडून राहण्यापेक्षा ते बरे, हेही खरे. पण एकदा जळालेला बंपर पुन्हा बंपर होत नाही. त्याला पुनर्वापर म्हणू नये.

हे काम आपल्याकडे आधीच कोण करते?

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे भाग मिळतात, हे मुंबईत कोणालाही माहीत आहे. न तुटलेला बंपर, हेडलाइट, आरसा तिथून पुन्हा दुसऱ्या गाडीला लागतो. भाग तसाच्या तसा वापरणे हा वितळवण्यापेक्षा केव्हाही चांगला पुनर्वापर. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये प्लॅस्टिक निवडणारी माणसे आहेत. तुकडा वाकवून, आवाज ऐकून, कोपरा पेटवून धुराच्या वासावरून ती जात सांगतात. जे काळे प्लॅस्टिक महागड्या यंत्राला दिसत नाही, ते या माणसांना कळते. त्याची किंमत ती फुप्फुसांनी मोजतात.

पिंपरी-चिंचवडमधल्या कुदळवाडीत भंगाराची मोठी वस्ती होती. आगी लागत, धूर होई, रहिवाशांच्या तक्रारी रास्त होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामे पाडली. पण गोदाम पाडल्याने भंगार तयार होणे थांबत नाही, आणि ते निवडणाऱ्या हातांचे कौशल्य कुठल्या केंद्रात आपोआप जाऊन बसत नाही. त्याच पट्ट्यात, चाकण-पिंपरीत, देशातल्या मोठ्या वाहन कंपन्या नव्या गाड्या बनवतात. पुणे परिसरात नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रेही उभी राहत आहेत. दाणा बनवणारा, निवडणारा आणि तो वापरणारा कारखाना तिघेही एका जिल्ह्यात आहेत. त्यांना जोडणारा व्यवहार नाही.

कंपन्यांचे आक्षेप रास्त आहेत का?

काही आहेत. अपघातात जीव वाचवणाऱ्या भागांत जुना दाणा नको, हे बरोबरच. आज मोडीत निघणाऱ्या गाड्यांतले प्लॅस्टिक २० वर्षांपूर्वीचे, त्यात आज बंदी असलेली रसायने असू शकतात, हेही खरे. केंद्रांवर येणाऱ्या गाड्या अजून कमी आहेत, त्यामुळे दाण्याचा नियमित पुरवठा होत नाही, हा तिसरा मुद्दा. आणि कच्चे तेल स्वस्त झाले की नवे प्लॅस्टिकच परवडते.

पण हेच आक्षेप बाटल्यांच्या वेळीही होते. तरीही बाटल्यांसारख्या कडक वेष्टनात २०२५-२६ पासून किमान ३० टक्के पुनर्वापरातले प्लॅस्टिक वापरण्याचा नियम २०२२ मध्ये झालाच. अन्नपदार्थांच्या बाटलीसाठी जे मागता येते, ते चाकावरच्या चिखल-आवरणासाठी मागता येणार नाही?

मग काय करायला हवे?

पहिले, मोजा. प्रत्येक केंद्राने किती किलो प्लॅस्टिक सुटे केले आणि कोणाला दिले, याचा रकाना केंद्रीय पोर्टलवर असावा. याला जवळजवळ काही खर्च नाही.

दुसरे, मोठे भाग श्रेडरच्या आधी काढणे सक्तीचे करा. बंपर, डॅशबोर्ड, प्लॅस्टिकची टाकी आणि सीट एवढ्यापासून सुरुवात पुरेशी आहे. त्यावर पोलादासारखेच प्रमाणपत्र द्या, म्हणजे लागणाऱ्या मजुरीचे पैसे गाडी बनवणाऱ्याकडून येतील.

तिसरे, नव्या गाडीत जुन्या गाडीचे प्लॅस्टिक किती, याची किमान अट घाला. सुरुवात ५ टक्क्यांनी झाली तरी चालेल. मागणी नक्की असेल तर दाणा बनवणारा कर्ज काढून यंत्र बसवेल.

चौथे, धारावी आणि कुदळवाडीतल्या निवडणाऱ्या माणसांना या केंद्रांत पगार, मास्क आणि ओळखपत्र देऊन घ्या. प्लॅस्टिकची जात ओळखणारा माणूस हा तंत्रज्ञ आहे.

वाचक म्हणून तुमच्या हातातही एक गोष्ट आहे. गाडी मोडीत काढताना नोंदणीकृत केंद्रातच द्या, प्रमाणपत्र घ्या, आणि निघताना एक प्रश्न विचारा : प्लॅस्टिक कोणाला देता? हा प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला, तर उत्तर तयार ठेवावे लागेल.

घरी परतताना बाबा रिक्षात प्रमाणपत्र उलटून-पालटून वाचत होते. ‘‘सगळं लिहिलंय की यात,’’ ते म्हणाले. इंजिन क्रमांक, चॅसिस क्रमांक, नोंदणी, तारीख. ज्या डॅशबोर्डवर त्यांनी वीस वर्षे गणपतीची छोटी मूर्ती चिकटवली होती, त्याचा मात्र त्यात उल्लेख नव्हता. मूर्ती त्यांनी आठवणीने काढून घेतली होती. डॅशबोर्ड कुंपणाशी पडला होता.